जुन्या आर्केड कॅबिनेटमध्ये भरपूर गेम टाकायचेत, पण एकही भोक न पाडता

ज्यांच्याकडे खरंखुरं जुनं आर्केड मशीन आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणजे आत्ता प्लायवूड कापून बनवलेलं नाही, तर १९८०-९० च्या काळातलं, पिक्चर ट्यूबवालं, आत गेमचा मूळ बोर्ड असलेलं. नाशिकमध्ये अशी मशीनं आता शोधायला लागतात. पार्लर बंद होत गेले तशा कॅबिनेट भंगारात गेल्या, ट्यूब फुटल्या, बोर्ड किलोच्या भावाने विकले गेले. त्यामुळे तुमच्या हाताशी एखादं आलं असेल तर त्याला करवत आणि ड्रिल लावायचं नाही, एवढं आधी पक्कं ठरवा आणि मग पुढचं वाचा.

नियम एकच आहे. जे काही करू ते एका संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलं की पूर्ण काढता आलं पाहिजे आणि मशीन पहिल्यासारखं चालू झालं पाहिजे. लाकडात नवीन स्क्रू नाही, मूळ वायर कापायची नाही, मूळ हार्नेसवर (वायरच्या जुडग्यावर) सोल्डरिंग नाही, गम किंवा हॉट ग्लू नाही. भाड्याच्या घरात आपण कसं खिळा ठोकायच्या आधी विचार करतो, अगदी तसं वागायचं. यूट्यूबवर बरेच लोक मॉनिटर काढून एलसीडी बसवतात, जुनं वायरिंग उपटून यूएसबी एन्कोडर (बटणं कॉम्प्युटरला जोडणारा छोटा बोर्ड) लावतात, त्याने गेम चालतात हे खरं, पण ते मशीन परत कधी मूळ अवस्थेत येत नाही. आणि गंमत म्हणजे त्याची गरजच नसते, कारण ही मशीनं बोर्ड बदलता यावेत म्हणूनच बनवलेली होती.

पहिलं काम: आपल्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

मागचा दरवाजा उघडा आणि काही हलवायच्या आधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, प्रत्येक कनेक्टरचा जवळून, वायरचे रंग दिसतील असे. मग मास्किंग टेपचे छोटे तुकडे घेऊन प्रत्येक कनेक्टरवर नाव लिहा, बॉलपेनने नाही तर पर्मनंट मार्करने, बॉलपेन उन्हाळ्यात उडून जातं. हे कंटाळवाणं काम आहे पण पुढची सगळी मजा याच्यावर उभी आहे.

आता मुख्य प्रश्न: मशीन जामा आहे का? जामा म्हणजे जपानमधल्या आर्केड कंपन्यांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास आणलेलं वायरिंगचं स्टँडर्ड. बोर्डाच्या कडेला तांब्याच्या पट्ट्यांची रांग असते, एका बाजूला २८ आणि मागच्या बाजूला २८, एकूण ५६ पिना, दोन पिनांमधलं अंतर ३.९६ मिमी. त्याच्यावर एक लांब काळा किंवा हिरवा कनेक्टर बसलेला असतो आणि त्यातून पॉवर, व्हिडिओ, स्पीकर, जॉयस्टिक, बटणं, कॉइन सगळं जातं. आपल्याकडच्या पार्लरमध्ये स्ट्रीट फायटर २, किंवा ज्याला आपण सगळे 'मुस्तफा' म्हणायचो तो कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, असले गेम चालणारी मशीनं जामाच असणार. मुस्तफा १९९३ चा गेम आहे आणि त्यातल्या एका हिरोचं नाव मुस्तफा म्हणून तेच नाव गेमला पडलं.

जामा असेल तर अर्धं काम झालं समजा. पॅक-मॅन किंवा गॅलागाच्या काळातलं, म्हणजे १९८०-८१ चं मशीन असेल तर जामा नसणार, तेव्हा प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा होता. अशा वेळी त्या गेमच्या बोर्डासारखी पट्टी एका टोकाला आणि जामा कनेक्टर दुसऱ्या टोकाला असलेला अ‍ॅडॉप्टर मिळतो किंवा बनवता येतो, म्हणजे मूळ हार्नेसला हात लागत नाही. पण तिथे एक मोठा धोका आहे. पॅक-मॅनच्या बोर्डाला पॉवर डीसी नाही तर ट्रान्सफॉर्मरमधून थेट एसी येते आणि ती बोर्डावरच डीसी होते. ती एसी तुमच्या नवीन वस्तूवर गेली की ती वस्तू संपली. त्यामुळे अशा मशीनमध्ये अ‍ॅडॉप्टरवर पॉवरच्या पिना जोडायच्याच नाहीत, नवीन वस्तूला पॉवर वेगळी द्यायची.

शिवाय बघून ठेवा: मॉनिटर आडवा बसवलाय की उभा, जॉयस्टिक चार दिशांची की आठ दिशांची, बटणं किती. कुठले गेम टाकायचे हे या तीन गोष्टी ठरवतात, आपली आवड नंतर येते.

करंटबद्दल, हे वगळू नका

पिक्चर ट्यूबला वरून जी जाड वायर रबरी टोपीखाली जाते तिच्यात २० हजार व्होल्टच्या वर असतात आणि मशीन बंद केल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवू शकते. चांगली गोष्ट अशी की आपल्या या कामात मॉनिटरला हात लावायची वेळच येत नाही. ट्यूब, तिची मागची बारीक मान, एलओटी (हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर), मॉनिटरचं किट, यातलं काहीच उघडायचं नाही. मॉनिटर आधीच खराब असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, आणि त्यासाठी जुना टीव्ही मेकॅनिक शोधा, ज्याने सीआरटी टीव्हीवर आयुष्य काढलंय असा. शालिमार, मेन रोडच्या गल्ल्यांमध्ये चौकशी केली तर असा माणूस सापडेल, आता त्यांच्याकडे एलईडी टीव्हीच येतात पण हात विसरलेला नसतो.

दुसरी गोष्ट आयसोलेशनची. बऱ्याच आर्केड मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण त्यांची चॅसी मेन्सशी थेट जोडलेली असते. आपल्याकडे लोकल बनवलेल्या कॅबिनेटमध्ये टीव्हीचं किट वापरलेलं असू शकतं, तिथे तर जास्तच सांभाळा. प्लग भिंतीतून काढा, मशीनचा स्विच ऑन ठेवा, मल्टीमीटर ओहमवर घेऊन मॉनिटरचा व्हिडिओ ग्राउंड आणि प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिना यांच्यात मोजा, प्रोब उलटे करून परत मोजा. रीडिंग येता कामा नये. थोडंसुद्धा आलं तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला दाखवा. आणि अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये तीन पिनी सॉकेट असतं पण अर्थची वायर आत कुठेच गेलेली नसते.

मशीन बाहेरून आलेलं असेल तर मागची प्लेट वाचा, अमेरिकन मशीन ११०-१२० व्होल्टचं असतं, त्याला स्टेप डाउन लागतो.

पॉवर सप्लाय

जामा मशीनमध्ये एसएमपीएस, म्हणजे मेन्समधून डीसी बनवणारा पॉवर सप्लाय असतो, तो ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट देतो. मोजायचं ते एसएमपीएसच्या टर्मिनलवर नाही, बोर्डाच्या कनेक्टरवर, बोर्ड लावून आणि चालू ठेवून. जामामध्ये ५ व्होल्ट पिन ३ आणि ४ वर येतात, ग्राउंड १ आणि २ वर, १२ व्होल्ट ६ वर. ५ व्होल्ट ४.९५ ते ५.१ मध्ये असले की छान. टर्मिनलवर ५.१ दिसतात आणि बोर्डावर ४.७ असं असेल तर वाटेत कुठेतरी टर्मिनल गंजलंय. एसएमपीएसचा छोटा पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवून व्होल्टेज वर चढवण्याआधी ते टर्मिनल साफ करा, हे लोक उलटं करतात आणि मग साधा गेम बोर्ड जास्त व्होल्टेजने हकनाक जातो.

आता कुठल्या रस्त्याने जायचं

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तयार मल्टिगेम जामा बोर्ड, ६० गेमवाला वगैरे. मूळ बोर्ड काढला, हा लावला, झालं. उभ्या मॉनिटरच्या जुन्या गेमसाठी तो खूप लोकांनी लावलाय. मला स्वतःला तो आवडत नाही, काही गेमचे आवाज आणि स्पीड बरोबर नसतात, आणि त्यातले गेम परवानगीशिवाय टाकलेले असतात.

दुसरा रस्ता रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) आणि त्याच्यावर बसणारं जामा अ‍ॅडॉप्टर. पाय२जामा, रिकलबॉक्स आरजीबी जामा ही त्यातली नावं. एका बाजूला पाय, दुसऱ्या बाजूला जामाची पट्टी, ती सरळ मशीनच्या कनेक्टरमध्ये जाते. मशीनला कळतच नाही की आत बोर्डाऐवजी छोटा कॉम्प्युटर आहे.

तिसरा, पीसी आणि अल्टिमार्क कंपनीचं जे-पॅक, म्हणजे पीसी जामाला जोडणारा बोर्ड. जुना पीसी घरात पडलेला असतोच, त्यात जुन्या पिढीचं एएमडी रेडिऑन कार्ड टाकायचं, ग्रूव्हीआर्केड ही लिनक्स टाकायची जी मुळातच अशा मॉनिटरसाठी बनवलीये, आणि जे-पॅक मध्ये बसवायचं. चित्राच्या बाबतीत एम्युलेशनमधला (सॉफ्टवेअरने जुन्या मशीनची नक्कल करण्यातला) हा सगळ्यात चांगला रस्ता, कारण त्यातला ग्रूव्हीमेम, म्हणजे मेम या एम्युलेटरची एक आवृत्ती, प्रत्येक गेमला त्याच्या मूळ मशीनचाच रिफ्रेश देतो. सगळे गेम ६० हर्ट्झचे नसतात, मॉर्टल कॉम्बॅट ५४.७ वर चालतो, पॅक-मॅन ६०.६ वर. सगळ्यांना ६० मध्ये कोंबलं की कुठे चित्र फाटतं कुठे धक्के बसतात. चौथा रस्ता मिस्टरचा, डीई१०-नॅनो या एफपीजीए (हव्या त्या सर्किटसारखी लावता येणारी चिप) बोर्डवर चालणारा, त्यालाही जामा अ‍ॅडॉप्टर मिळतात, तो उत्तम आहे पण महाग पडतो आणि बाहेरून मागवायला कस्टम ड्युटी लागते.

पहिल्यांदा करत असाल तर पाय घ्या. पुढचं सगळं मी पाय धरूनच सांगतोय, पण जे-पॅकवाल्यांनाही बहुतेक तसंच लागू आहे.

१५ किलोहर्ट्झ, इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

मॉनिटर वाचवायचा असेल तर हा भाग दोनदा वाचा. जुना आर्केड मॉनिटर सेकंदाला साधारण १५,७०० आडव्या रेघा काढतो. हिशोब सोपा आहे, एका फ्रेमला साधारण २६२ रेघा आणि सेकंदाला ६० फ्रेम, गुणाकार करून बघा. कॉम्प्युटरचं साधं ६४० बाय ४८० चं व्हीजीए ५२५ रेघांचं असतं, म्हणजे बरोबर दुप्पट, ३१.५ किलोहर्ट्झ. हे ३१ वालं सिग्नल १५ वाल्या मॉनिटरला दिलं तर चित्र दिसतच नाही, नुसत्या तिरप्या रेघा आणि शिट्टीसारखा आवाज, आणि तसंच चालू ठेवलं तर लाइन ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. चाळीस वर्षं टिकलेला मॉनिटर अर्ध्या मिनिटात घालवायचा नाही.

पीसी चालू होताना बायोसची स्क्रीन ३१ किलोहर्ट्झवरच येते. जे-पॅकमध्ये यासाठी संरक्षण आहे, फ्रिक्वेन्सी जास्त असेल तर तो सिंक (चित्राच्या रेघा जुळवणारा सिग्नल) पुढे जाऊ देत नाही. पायच्या बाबतीत चांगलं असं की त्याचं टायमिंग कॉन्फिग फाइलमध्ये आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीपासूनच १५ वर चालू होतो, फक्त ती फाइल तुमच्या अ‍ॅडॉप्टरसाठी दिलेलीच असली पाहिजे. म्हणून अ‍ॅडॉप्टरसोबत जी इमेज देतात तीच टाका, कुठून तरी मिळालेलं तयार कार्ड टाकू नका.

मॉनिटरला लावण्याआधी टेबलावर तपासा. पायला पॉवर द्या, अ‍ॅडॉप्टर लावा, मशीनला जोडू नका. मल्टीमीटरमध्ये फ्रिक्वेन्सी मोड असतो, तो लावून जामाच्या पट्टीच्या मागच्या बाजूचा पी (मागच्या पिनांना आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरं असतात) म्हणजे सिंक आणि ग्राउंड यांच्यात मोजा. १५.७ किलोहर्ट्झच्या आसपास आलं तर पुढे जा. ३१ आलं तर नाही. मीटरमध्ये तो मोड नसेल तर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जाऊन मोजून या, अंदाजाने मॉनिटरला लावू नका.

रंगाच्या पिनाही सांगून ठेवतो: लाल १२ वर, निळा १३ वर, हिरवा मागच्या बाजूच्या एन वर आणि व्हिडिओ ग्राउंड १४ वर. कॉम्प्युटरचा रंगाचा सिग्नल ०.७ व्होल्टचा असतो, आर्केड बोर्डांचा त्याहून बराच जास्त, म्हणून मध्ये व्हिडिओ अ‍ॅम्प्लिफायर लागतो, चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तो असतोच. चित्र अंधुक आलं तर अ‍ॅडॉप्टरचा अ‍ॅम्प तपासा, मॉनिटरचा ब्राइटनेस आणि एलओटीवरचा स्क्रीन कंट्रोल फिरवू नका.

आणि चित्र थोडं डावीकडे सरकलेलं किंवा वरून कापलेलं दिसलं तर मॉनिटरमागचे प्रिसेट हलवायचा मोह होतोच. हलवू नका. ते मूळ बोर्डासाठी लावलेले आहेत. चित्र सरकवायचं ते सॉफ्टवेअरमधून, टायमिंगमधले आकडे थोडे थोडे बदलून. वेळ लागतो पण मूळ बोर्ड परत लावला की चित्र जागेवरच असतं, आणि तुमचा हात हाय व्होल्टेजजवळ जात नाही. माझ्या मते मशीनला न बदलण्याची खरी परीक्षा इथेच होते, भोक पाडायचं नाही हे सगळ्यांना पटतं, पण हा छोटासा पॉट फिरवताना कोणाला काही वाटत नाही.

आत बसवायचं कसं

मशीन बंद, प्लग बाहेर. मूळ बोर्डावरून जामा कनेक्टर काढा, वायर धरून नाही, कनेक्टरची दोन्ही टोकं धरून थोडं थोडं हलवत. पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा, सँडपेपर लावू नका.

एक छोटी वस्तू मी सगळ्यांना घ्यायला सांगतो, जामा एक्स्टेंशन. एका बाजूला पट्टी, दुसऱ्या बाजूला कनेक्टर. मूळ कनेक्टरमध्ये ते एकदा लावून ठेवायचं आणि पुढची सगळी काढघाल एक्स्टेंशनच्या टोकाला करायची, म्हणजे जुन्या कनेक्टरची पानं सैल होत नाहीत. तसंच जामा स्विचर मिळतो, त्यात मूळ बोर्ड आणि पाय दोन्ही कायम जोडलेले राहतात आणि एका बटणावर बदलता येतं. घेताना एवढं बघा की तो न वापरलेल्या बोर्डाची पॉवरही तोडतो की नाही, नाहीतर दोन्हींचा लोड जुन्या एसएमपीएसवर येतो.

कनेक्टर उलटा लावायचा नाही. सात नंबरच्या जागी की असते, एक छोटा प्लास्टिकचा तुकडा, तो बोर्डाच्या खाचेत बसतो. बऱ्याच पार्लरवाल्यांच्या मशीनमध्ये तो तुकडा केव्हाच पडून गेलेला असतो. उलटा लावला तर ग्राउंड ग्राउंडवरच येतं पण १२ व्होल्ट थेट एका बटणाच्या इनपुटवर जातात. म्हणून की नसेल तर नवीन की घाला, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, आणि पट्टीच्या एका बाजूला लाल मार्करने खूण करा.

पायला पॉवर जामाच्या ५ व्होल्टमधून देता येते, काही अ‍ॅडॉप्टर तसेच बनवलेले आहेत. पण पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अ‍ॅम्पिअरचा चांगला सप्लाय लागतो आणि व्होल्टेज ४.६ च्या आसपास आलं की तो तक्रार करायला लागतो, अडखळतो. एसएमपीएस जुना असेल तर पायला त्याचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर द्या, मात्र अशा वेळी जामाचे ५ व्होल्ट पायपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, दोन सप्लाय एकमेकांत मिसळायचे नाहीत. तुमच्या अ‍ॅडॉप्टरवर त्यासाठी जंपर आहे का ते त्याच्या कागदात बघा. पायचा चार्जर मशीनच्या मेन स्विचनंतरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावा म्हणजे एका स्विचने सगळं चालू-बंद होईल.

बसवायला लाकडात स्क्रू नको. ९ मिमी प्लायचा एक तुकडा घ्या, कॅबिनेटच्या तळाशी आरामात बसेल एवढा, खाली फेल्ट चिकटवा, त्या प्लायवर स्टँडऑफ लावून पाय, अ‍ॅडॉप्टर, छोटा फॅन सगळं बसवा. म्हणजे सगळी नवीन वस्तू एका ट्रेवर, ट्रे बाहेर काढला की मशीन मोकळं. वायर बांधायच्या त्या आधीच्याच क्लिपना केबल टायने. मूळ बोर्ड त्याच्या जागीच राहू द्या, तिथे तो सगळ्यात सुरक्षित असतो. काढावाच लागला तर अँटिस्टॅटिक पिशवीत, मग बबल रॅपमध्ये. साधी प्लास्टिकची पिशवी किंवा पेपरात गुंडाळणं नको.

आवाजाचं थोडक्यात: जामामध्ये स्पीकर पिन १० आणि मागच्या एल वर असतो आणि बोर्डाकडून अ‍ॅम्प झालेला आवाज येतो, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरवर अ‍ॅम्प लागतो. स्पीकरची वजाची वायर ग्राउंडला जोडू नका, काही अ‍ॅम्पना ते चालत नाही.

कंट्रोल पॅनल

इथे सगळ्यात जास्त मशीनं बिघडवली जातात. जामामध्ये प्रत्येक प्लेअरला तीन बटणं स्टँडर्ड आहेत, चौथं निओ जिओ मशीनमध्ये पिन २५ वर येतं, आणि स्ट्रीट फायटर २ ला सहा लागतात, ती उरलेली तीन बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरने जायची. तीन बटणांचं पॅनल असेल तर लोक लगेच ड्रिल काढतात.

ड्रिल नको, दुसरं पॅनल बनवा. मूळ पॅनल काढून त्याची मापं घ्या, ब्राउन पेपरवर ठेवून कडा आणि भोकं पेन्सिलने काढा, खालच्या कड्या आणि लॅच कुठे बसतात तेही. मग ते कोणाकडून तरी कॅडमध्ये काढून घ्या आणि अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडे द्या. नाशकात राहण्याचा हा मोठा फायदा आहे, शीट मेटलचं काम इथे गल्लोगल्ली होतं. एका पीससाठी ते मशीन लावायला नाही म्हणतात, तेव्हा घाई करू नका, त्यांचं दुसरं काम चालू असताना उरलेल्या शीटमधून काढून द्या म्हणा, २ मिमी एमएस (साधं स्टील) पुरतं. पावडर कोटिंगही तिथेच जवळपास होतं. ऑर्डर देण्याआधी बटणं हातात असू द्या, जपानी बटणाला ३० मिमीचं भोक लागतं, स्टार्टच्या छोट्याला २४, अमेरिकन पद्धतीच्या बटणाला २८-२९.

वायरिंगही वेगळं करा. मूळ पॅनलच्या मायक्रोस्विचवर जी टर्मिनल आहेत ती काढून नवीनवर लावायची नाहीत, रोज रोज ओढून ती तुटतात. पॅनल आणि हार्नेसच्या मध्ये बहुतेक मशीनमध्ये एक मल्टीपिन कनेक्टर असतो, तसाच कनेक्टर नवीन पॅनलला लावा, म्हणजे पॅनल बदलणं दोन मिनिटांचं काम. टर्मिनलची मापं वेगवेगळी असतात, जुन्या मायक्रोस्विचला ४.८ किंवा ६.३ मिमी, सानवासारख्या जपानी बटणाला २.८. नाशकात मिळालं नाही तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत. सोबत चांगलं क्रिम्पिंग टूल घ्या, पक्कडीने दाबलेलं टर्मिनल सहा महिन्यांत सैल होतं.

चार दिशांची जॉयस्टिक असेल तर तिला हात लावू नका. पॅक-मॅन, डाँकी काँग आठ दिशांच्या स्टिकवर खेळून बघा, कोपऱ्यावर वळताना चुकतंच.

सॉफ्टवेअर आणि गेम

मेम १९९७ मध्ये निकोला साल्मोरियाने सुरू केला आणि २०१६ पासून तो पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर आहे. पायवर सहसा त्याच्या जुन्या आवृत्त्या किंवा एफबीनिओ हा दुसरा एम्युलेटर वापरतात. इथे सगळ्यांचं एकच अडतं, गेमची फाइल आणि एम्युलेटरची आवृत्ती जुळत नाही. मेम२००३ ला ०.७८ चा सेट लागतो, मेम२०१० ला ०.१३९ चा. गेम उघडून लगेच मेनूवर परत येत असेल तर नव्वद टक्के वेळा हेच कारण.

गेम कुठून आणायचे? मेम हे सॉफ्टवेअर मोकळं आहे, गेम मोकळे नाहीत, त्यांचा कॉपीराइट अजून कंपन्यांकडे आहे. काही गेम त्यांच्या मालकांनीच बिगरव्यावसायिक वापरासाठी मोकळे केलेत, ग्रिडली, रॉबी रोटो, स्टार फायर असे काही मेमच्या प्रोजेक्टकडून सरळ मिळतात, मशीन लावून बघायला ते उत्तम आहेत. आणि या मशीनवर पैसे घेऊन लोकांना खेळवायचं डोक्यात असेल तर ते करू नका.

गेम थोडे ठेवा. मॉनिटर उभा असेल तर उभेच गेम, आडवा असेल तर आडवेच. आडव्या मॉनिटरवर गॅलागा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्यांमध्ये छोटासा दिसतो आणि रेघाही नीट जुळत नाहीत. मॉनिटर फिरवून बसवणं हा पर्याय समजू नका, वजन आणि ट्यूबचा धोका बघता नाहीच. हजार गेमची यादी घेऊन पोरं बसली की नुसती यादीच वरखाली करत राहतात, वीस निवडलेले गेम असले की खेळतात.

आर्केड मशीन शटडाउन करत नाहीत, सरळ स्विच बंद करतात, आणि पायचं एसडी कार्ड अशाने खराब होतं. म्हणून सगळं सेट झालं की रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. हाय स्कोअर टिकणार नाहीत, ते चालत नसेल तर तेवढे एका छोट्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवायची सोय करा. कार्डाची एक कॉपी काढून ठेवा. गेममधून बाहेर यायला वेगळं बटण बसवू नका, प्लेअर वनचं स्टार्ट धरून प्लेअर टूचं स्टार्ट दाबलं की बाहेर, असं लावा, जे-पॅकमध्ये ते आधीपासून तसंच असतं.

परत मागे जाऊन बघा

सगळं झालं, गेम चालले, आता सगळं काढा. खरंच काढा. ट्रे बाहेर, मूळ पॅनल वर, कनेक्टर मूळ बोर्डावर, स्विच ऑन. चित्र पहिल्या फोटोसारखं मध्यभागी आलं पाहिजे, सगळी बटणं चालली पाहिजेत, कॉइन टाकलं की क्रेडिट पडलं पाहिजे. यातलं काही झालं नाही तर आपण कुठेतरी काहीतरी बदललंय, ते शोधून परत जागेवर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर ट्रे पुन्हा लावा.

वायरिंगचं एक साधं चित्र काढून, फोटोंच्या प्रिंट घेऊन, काढलेले स्क्रू छोट्या पिशव्यांत घालून हे सगळं एका पाकिटात कॅबिनेटच्या आतच ठेवा. उद्या मशीन दुसऱ्या कोणाकडे गेलं तर त्याला काहीही विचारावं लागू नये.

नाशकात पावसाळ्यात दमट हवा आठवडेच्या आठवडे राहते, तेव्हा मशीन अधूनमधून तासभर चालवा, ट्यूबच्या उष्णतेने आतला ओलावा जातो. भिंतीपासून थोडं लांब आणि जमिनीपासून वर ठेवा, प्लायला वाळवी तळाकडूनच लागते. घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका, विशेषतः स्क्वेअर वेव्ह असेल तर.

आणि मूळ बोर्ड महिन्यातून एकदा तरी लावून चालवा. तुमच्याकडे कॅडिलॅक्सचा ओरिजिनल कॅपकॉम बोर्ड असेल, नक्कल नाही, तर त्याच्यावर एक लिथियम बॅटरी आहे हे लक्षात ठेवा. तिच्यावर साउंड सीपीयूच्या मेमरीतल्या डिक्रिप्शनच्या किल्ल्या जिवंत राहतात, बॅटरी संपली की किल्ल्या पुसल्या जातात आणि बोर्ड नीट चालत नाही. वर्षातून एकदा बोर्ड बंद असताना तिचं व्होल्टेज मोजून तारीख टाकून लिहून ठेवा आणि ३ व्होल्टच्या खाली यायची वाट बघू नका. बदलताना जुनी काढायच्या आधी दुसरा सप्लाय समांतर जोडलेला ठेवावा लागतो, म्हणून ज्याने हे आधी केलंय अशाच माणसाकडून करून घ्या.